बायसन आणि गवे हलवायचे कसे: पुण्यात एरंडवण्यातल्या वीकेंड वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, बाकीचं मग. वर्कशॉप चांगलं आहे, पैसे वसूल होतात, आणि ज्यांना जंगली प्राण्यांबद्दल मनापासून काही वाटतं पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डच्या पलीकडे नीट काही ऐकलेलं नाही त्यांनी तर जावंच. तक्रारी आहेत माझ्या, त्यातली एक बऱ्यापैकी मोठी आहे, पण त्या ऐकून जायचं रद्द करू नका. संस्था छोटी आहे, नाव न घेता लिहितेय म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने लिहिता येईल.

विषय असा की मोठे गवत खाणारे जंगली प्राणी एका जागेवरून उचलून दुसरीकडे न्यायचे, तिथे वसवायचे, हे कसं करतात. शनिवारचा दिवस पूर्ण अमेरिकन बायसनचा, रविवार आपल्या गव्याचा. साडेनऊ ते पाच, फी १८०० रुपये, त्यात चहा नाश्ता जेवण सगळं आलं. शिकवायला दोघं, एक सर जे अमेरिकेत काही वर्षं राहून यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास काम करून आलेत, आणि एक डॉक्टर मॅडम, पशुवैद्यक, ज्यांनी मध्य भारतात गव्यांना बेशुद्ध करून हलवायच्या कामात मदत केलीये. गवा आणि अमेरिकन बायसन हे दोन वेगळे प्राणी आहेत, आपल्याकडे गव्याला सर्रास इंडियन बायसन म्हणतात म्हणून आधीच सांगितलं, मॅडमनी पण पहिल्या पाच मिनिटांत ते क्लिअर केलं आणि पुढे गेल्या.

शनिवार सकाळ थोडी संथ सुरू झाली. इतिहास होता. एकेकाळी उत्तर अमेरिकेत तीन ते सहा कोटी बायसन असावेत असा अंदाज आहे आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी सगळे मिळून हजारसुद्धा राहिले नव्हते. चामड्याचा धंदा, रेल्वे, आणि त्यासोबत हेही की बायसन संपला की त्याच्यावर जगणाऱ्या आदिवासी जमाती आपोआप रिझर्व्हेशनवर, म्हणजे सरकारने त्यांना नेमून दिलेल्या जमिनीवर, येऊन बसतील हे तिथल्या लष्करातल्या लोकांना चांगलं कळत होतं आणि बऱ्याच जणांना ते हवंही होतं. सरांनी हे कुठलाही आव न आणता सांगितलं, फोटो दाखवले कवट्यांच्या ढिगाऱ्याचे, हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं. १९०२ च्या सुमाराला यलोस्टोनमध्ये जेमतेम दोन डझन जंगली बायसन उरले होते. आज तिथे काही हजार आहेत, आणि अख्ख्या अमेरिकेत यलोस्टोन ही एकच जागा आहे जिथे जंगली बायसन प्राचीन काळापासून खंड न पडता राहिलेत, म्हणून तिथल्या कळपाला एवढं महत्त्व.

त्यानंतर १९०७ ची गोष्ट आली ती मला माहीतच नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधून १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमातल्या विचिटा पर्वताच्या भागात पाठवले. म्हणजे माळरानावरचा प्राणी शहरातल्या झूमधून माळरानावर परत. आणि ते आले तेव्हा कोमांची जमातीचे लोक बघायला जमले होते, म्हाताऱ्या माणसांनी बायसन पूर्वी बघितलेले, पोरांनी कधीच नाही. सरांनी इथे थांबून म्हटलं की प्राणी हलवण्याच्या कुठल्याही कामात एकच प्रश्न आधी विचारायचा, उतरवून घ्यायला तिकडे कोण उभं आहे. मला वाटतं अख्ख्या दोन दिवसांचा गाभा हाच होता, आणि मी पुढे जे लिहिलंय ते पण त्याच अंगाने वाचा.

कारण आपण सगळे विचार करतो तो ट्रकचा. बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट मारला, उचलला, ट्रकमध्ये घातला, सोडला, व्हिडिओ काढला. इथे दुपारच्या सेशनमध्ये तो सगळा समज निघून जातो. दुपारचं सेशन क्वारंटाइनवर होतं आणि ते या वर्कशॉपचं बेस्ट सेशन आहे, फक्त त्याच्यासाठी १८०० दिले असते तरी चाललं असतं.

थोडक्यात सांगते. ब्रुसेलोसिस नावाचा आजार आहे, जिवाणूमुळे होतो, गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं. यलोस्टोनच्या बऱ्याच बायसनमध्ये तो आहे, आणि तो त्यांना मुळात गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणलेल्या गाईंकडूनच लागला, १९१७ मध्ये तिथे तो पहिल्यांदा सापडला. हिवाळ्यात बर्फ वाढलं की बायसन गवतासाठी पार्कच्या बाहेर, उत्तरेला माँटाना राज्यात गार्डिनरच्या बाजूला खालच्या उंचीवर उतरतात आणि तिथे गाईंचे रँच, म्हणजे मोठमोठे चराऊ फार्म. रँचवाल्यांना भीती की आपल्या गाईंना लागण होईल आणि राज्याचा रोगमुक्त दर्जा जाईल. मग कोर्टकचेऱ्या, २००० साली पार्क, राज्य आणि बाकीच्या खात्यांमध्ये मिळून एक प्लॅन ठरला, आणि त्या प्लॅनखाली वर्षानुवर्षं बाहेर आलेले बायसन पकडून कत्तलखान्यात पाठवले गेले. हे ऐकताना खरंच वाईट वाटतं कारण त्याच भागात एल्क नावाचं मोठं हरीण आहे, त्यांनाही हाच आजार आहे, गेल्या काही दशकांत तिथल्या गाईंना जी लागण झाली ती एल्ककडून आली असं तपासात निघालं, आणि जंगली बायसनकडून गाईला लागण झाल्याची नोंद झालेली घटना नाही. पण एल्क मोकळे फिरतात आणि बायसन अडवले जातात.

आमच्यात शिरूरकडचे एक दूधवाले दादा होते, त्यांनी लगेच हात वर केला, म्हणाले आमच्याकडे चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना याचीच लस देतात, एकदाच द्यायची असते आणि देताना डॉक्टरसुद्धा हातमोजे घालून जपून देतात कारण माणसालाही होतो. मॅडम म्हणाल्या बरोबर, तोच आजार, कच्चं दूध पिऊन माणसाला होतो, ताप येतो जातो येतो, सांधे दुखतात, निदान लवकर होत नाही. मला हे फार आवडलं की अमेरिकेतला प्रश्न पाच मिनिटांत शिरूरच्या गोठ्यात आला आणि शिकवणाऱ्यांनी त्या दादांना बोलू दिलं, स्लाइड पुढे ढकलायची घाई केली नाही.

तर कत्तलीला पर्याय म्हणून जे सुरू झालं ते हे. पकडलेल्या बायसनपैकी जे टेस्टमध्ये निगेटिव्ह येतात ते वेगळे कुंपणात ठेवायचे, पुन्हा टेस्ट, पुन्हा टेस्ट, नराला वर्षाच्या आसपास आणि मादीला त्याहून बराच जास्त वेळ, कारण हा जिवाणू लपून बसतो आणि मादी एकदा नीट व्यायली की मगच तिची खात्री देता येते. त्यानंतर ते ट्रकने फोर्ट पेकला जातात, माँटानाच्या ईशान्य कोपऱ्यात असिनिबोइन आणि सू जमातींचं रिझर्व्हेशन आहे तिथे. तिथे अजून टेस्टिंग होतं आणि तिथून इंटरट्रायबल बफेलो कौन्सिल या जमातींच्या संघटनेमार्फत (तिकडे बायसनलाच बफेलो म्हणतात) ते बाकीच्या जमातींकडे पाठवले जातात. ही कौन्सिल १९९२ मध्ये स्थापन झाली, आज ८० च्या वर जमाती तिच्यात आहेत.

हे सगळं नुसतं सांगितलं असतं तर मी विसरले असते. त्यांनी काय केलं, प्रत्येक टेबलाला बारा कार्डं दिली, प्रत्येक कार्ड म्हणजे एक बायसन, वय, नर की मादी, गाभण आहे का, आणि मागे टेस्टचे रिझल्ट झाकलेले. दर फेरीला एक पट्टी उघडायची. एक जरी पॉझिटिव्ह निघाला की तो बाहेर आणि उरलेल्या ग्रुपचं घड्याळ परत शून्यावर. आमच्या टेबलाचे अकरा बायसन शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते आणि तिथे एक मादी पॉझिटिव्ह निघाली. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तेव्हा समजतं की फोर्ट पेकच्या लोकांनी किती वर्षं कळ काढली असेल. त्यांनी स्वतःचं क्वारंटाइन केंद्र बांधून तयार ठेवलं होतं तरी नियम आणि राज्याची परवानगी यात ते कितीतरी काळ रिकामं होतं, प्राणी आधी यलोस्टोनजवळच टेस्ट पूर्ण करून मगच तिकडे येऊ शकत होते. मार्च २०१२ मध्ये पहिले साठच्या आसपास बायसन फोर्ट पेकला आले. त्यातले काही पुढे फोर्ट बेल्कनॅप या माँटानातल्याच दुसऱ्या रिझर्व्हेशनला जायचे होते तर कोर्टाने अडवलं, २०१३ मध्ये माँटानाच्या सुप्रीम कोर्टाने मोकळं केलं तेव्हा गेले. आणि आता जो रीतसर कार्यक्रम चालतो त्यातून ऑगस्ट २०१९ मध्ये ५५ नर फोर्ट पेकला पोचले. अशा तारखा सरांच्या तोंडपाठ होत्या पण ते तारखांसाठी सांगत नव्हते, प्रत्येक दोन तारखांच्या मध्ये कोण वाट बघत होतं ते सांगत होते.

त्यात वायोमिंगमधल्या विंड रिव्हर रिझर्व्हेशनचं पण आलं, तिथे ईस्टर्न शोशोनी जमातीने २०१६ मध्ये दहा बायसनपासून सुरुवात केली आणि २०१९ मध्ये शेजारच्या नॉर्दर्न अरापाहो जमातीनेही आपला कळप सुरू केला. जेसन बाल्डेस म्हणून शोशोनी जमातीतलेच अभ्यासक आहेत, ते या कामात पुढे आहेत. त्यांचा आग्रह असा की बायसन पाळीव गुरांसारखा कुंपणात न मोजता जंगली प्राणी म्हणून राहायला हवा आणि त्यासाठी जमीन जोडत न्यायची. साउथ डकोटात रोझबड रिझर्व्हेशनच्या लोकांनी २०२० मध्ये २८,००० एकर बायसनसाठी ठेवली, आकडा ऐकून आमच्या टेबलावर सगळे गप्प, कारण पुण्यात आपण टेकडीवरच्या एकेका तुकड्यासाठी भांडतोय.

आता पहिली तक्रार. जमातींचा हा भाग एका तासात उरकला. वेळापत्रकात दोन तास होते, पण सकाळचा इतिहास लांबला आणि जेवण उशिरा आलं, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं जे होतं त्यालाच कात्री लागली. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडच्या जमातींनी एकत्र येऊन बफेलो ट्रीटी केली, सीमेच्या दोन्ही बाजूंना बायसन परत आणायचा करार, यावर फक्त एक स्लाइड आली आणि गेली. मला विचारायचं होतं की जिथे एका पिढीनेही बायसन बघितला नाही तिथे तो परत आल्यावर शाळेत काय शिकवतात, मांस कसं वाटून घेतात, वाद होतात का. वेळच नव्हता. इतिहास सगळा हँडआउटमध्ये घाला आणि हा वेळ वाचवा अशी मी फीडबॅक फॉर्मवर मोठ्या अक्षरात विनंती केलीये.

पब्लिक लँडचा भाग मात्र नेमका होता. यूटामधल्या हेन्री माउंटन्सच्या भागात १९४१ मध्ये यलोस्टोनहून १८ बायसन सोडले, ती बरीचशी केंद्र सरकारची जमीन, तिथे रँचवाल्यांच्या गाई पण चरतात, आणि कळप आजही आहे, रोगमुक्त आहे. रँचवाल्यांची तक्रार कायम की बायसन आमचं गवत खातात. तर अभ्यासकांनी कुंपणं घालून मोजलं आणि निघालं असं की गाईंच्या खालोखाल गवत सशांनी खाल्लेलं, बायसन त्यांच्याही मागे. शिरूरचे दादा म्हणाले हे आमच्याकडे पण मोजायला पाहिजे, कोण किती खातं ते, नुसतं ओरडून काय होतंय. मोजणी ही गोष्ट या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा येते आणि ती योग्य आहे.

कॅनडातल्या बॅन्फचं पण सांगितलं. २०१७ मध्ये एल्क आयलंड या तिथल्याच राष्ट्रीय उद्यानातून १६ तरुण बायसन, त्यात दहा गाभण माद्या, ट्रकने आणि मग शिपिंग कंटेनरमध्ये घालून हेलिकॉप्टरला लटकवून दरीत नेले. प्रवासात एकमेकांना इजा होऊ नये म्हणून शिंगांवर रबरी पाइपचे तुकडे चढवले होते, तो फोटो सगळ्यांना आवडला. आणि तिथे पोचल्यावर लगेच मोकळे नाही सोडले, दीड वर्षाच्या आसपास मोठ्या कुंपणात ठेवले, माद्या दोनदा व्यायल्या तिथे, म्हणजे ती जागा त्यांची झाली, मग कुंपण उघडलं. या पद्धतीला सॉफ्ट रिलीज म्हणतात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून चांदोलीत वाघीण आणली तेव्हा हाच शब्द पेपरात आला होता, तो नेमका का वापरतात ते मला इथे समजलं.

रविवार. रविवारी मॅडमचा दिवस आणि मॅडम अप्रतिम शिकवतात. आवाज मोठा नाही पण एकेक वाक्य कामाचं. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमधून गवे १९९० च्या दशकाच्या शेवटी पूर्ण नाहीसे झाले होते. जानेवारी २०११ मध्ये कान्ह्यातून १९ गवे तिकडे नेले, २०१२ मध्ये ३१, एकूण ५०. मध्य प्रदेश वनखातं, भारतीय वन्यजीव संस्था आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली अनुभवी माणसं असं मिळून ते काम झालं. नराचं वजन आठशे ते हजार किलोपर्यंत जातं, त्याला डार्ट मारल्यावर तो कुठे पडतो, कुठल्या कुशीवर पडतो यावर त्याचा जीव अवलंबून, कारण रवंथ करणारं जनावर आडवं पडलं की पोट फुगतं आणि श्वास अडकतो. म्हणून माणसं पळत जाऊन त्याला छातीवर बसतं करतात, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, पाणी ओतून अंग थंड ठेवायचं, मग स्ट्रेचर, मग गाडीत घातल्यावर उलट इंजेक्शन देऊन जागं करायचं, प्रवास उभ्याने. आम्ही वाळूच्या पोत्यांचा एक नकली गवा करून त्याला छातीवर बसवायचा प्रयत्न केला, आठ जण लागले, आणि तो नकली गवा खऱ्याच्या अर्ध्या वजनाचा पण नव्हता. माझा मुलगा नववीत आहे, तो म्हणाला की आई हे पिक्चरमध्ये दाखवतात तसं अजिबात नाहीये. तो अजून त्याच्यावर बोलतोय.

बांधवगडचे ते ५० गवे पुढे वाढले, दीडशेच्या वर गेले, आणि २०२५ मध्ये सातपुड्यातून अजून काही गवे तिथे आणले ते नवीन रक्त मिसळावं म्हणून. मॅडम म्हणाल्या की आकडा वाढला म्हणजे काम संपलं असं नसतं, सगळे थोड्याच पूर्वजांचे असले तर पुढे एखादा आजार सगळ्यांना एकदम घेऊन जातो. १९६८ च्या सुमाराला बंदीपूर मुदुमलाईकडे बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने गवे मोठ्या संख्येने मेले होते. बुळकांडी जगातून गेली, २०११ मध्ये तसं जाहीर झालं, पण लाळ्या खुरकूत आहे, लंपी आपण नुकतंच बघितलं. जंगलाच्या कडेला गावची गुरं चरतात तिथे गुरांचं लसीकरण हाच गव्याचा इन्शुरन्स, हे त्यांनी इतकं ठासून सांगितलं की मी वहीत अधोरेखित केलंय.

जेवणानंतर राधानगरीकडचे एक काका बोलले, कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं, ते भाच्यासोबत सहज आले होते. दाजीपूर राधानगरी म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, गव्यांसाठीच ओळखलं जातं. काका म्हणाले आमच्याकडे गवा आणायचा प्रश्नच नाही, आहेच तो, रात्री उसात येतो, भातात येतो, एका रात्रीत तुडवून जातो. पंचनामा होतो, पैसे पण मिळतात, पण पिकात घातलेले दिवस कोण देणार. आणि पुढे म्हणाले, तरी आम्ही त्याला मारत नाही, आमच्या आजोबांपासून तो तिथेच आहे. हॉलमध्ये काही जणांनी टाळ्या वाजवल्या तर काकांनी हातानेच थांबवलं, म्हणाले टाळ्या नकोत, कुंपणाला पैसे कुठून येतील ते सांगा. त्यावर अर्धा तास खरी चर्चा झाली, सरांनी माँटानाच्या रँचवाल्यांची उदाहरणं दिली, मॅडमनी सोलर कुंपण आणि त्याची देखभाल कोणी करायची हा मुद्दा काढला. गडचिरोलीत काम केलेली एक मुलगी होती तिने मेंढा लेखाचं सांगितलं, २००९ मध्ये तिथल्या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, गाव स्वतःचं जंगल सांभाळतं, मग अशा गावांनी ठरवलं तर त्यांच्या जंगलात प्राणी परत आणायची चर्चा त्यांच्याशीच का होऊ नये, वनखात्याच्या ऑफिसात का. सर म्हणाले फोर्ट पेकमध्ये हेच झालं, जमातीने मागितले म्हणून बायसन आले, कोणी येऊन त्यांच्यावर लादले नाहीत, आणि म्हणून ते टिकले. दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त इथे शिकायला मिळालं, आणि ते ठरवून झालं नव्हतं. आयोजकांनी पुढच्या बॅचला राधानगरी, चंदगड, दोडामार्ग या भागातला एक तरी शेतकरी मुद्दाम बोलवावा, मानधन देऊन, स्लाइड नसल्या तरी चालतील.

आता मोठी तक्रार, आणि ही मी कोथरूडची म्हणून नाही तर पुणेकर म्हणून लिहितेय. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा आला होता हे या शहरात कोणाला माहीत नाही? सकाळी दिसला, बातमी पसरली, माणसं धावली, मोबाइल घेऊन मागे लागली, तो गल्लीतून रस्त्यावर, रस्त्यावरून कंपाउंडवर, तोंडाला रक्त, तासन्‌तास पळत होता, मग डार्ट, दोऱ्या, जाळ्या, आणि त्याच दिवशी तो मेला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पाषाण बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला आणि तो सुखरूप डोंगराकडे परत गेला, कारण या वेळी गर्दी लांब ठेवली होती. तेच शहर, तसाच प्राणी. आणि या वर्कशॉपमध्ये, जे एरंडवण्यात होतंय, त्या जागेपासून चार किलोमीटरवर, त्या दोन घटनांना मिळून दहा मिनिटं दिली आणि दोन फोटो. मॅडमनी जे सांगितलं ते महत्त्वाचं होतं, की पळून पळून घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंचं आतून नुकसान होतं, शरीराचं तापमान चढतं, आणि त्या अवस्थेत बेशुद्धीचं औषध दिलं की जगायची शक्यता फार कमी, म्हणजे तो डार्ट लागायच्या आधीच अर्धा गेलेला असतो. पण हे वाक्य आलं आणि चहाची वेळ झाली.

माझं म्हणणं हे की पुण्यातल्या माणसाच्या हातात जर काही असेल तर ते हेच आहे. मी उद्या यलोस्टोनला बायसन टेस्ट करायला जाणार नाहीये. पण माझ्या सोसायटीच्या गेटवर गवा उभा राहिला तर पहिल्या दहा मिनिटांत वॉचमनने काय करायचं, फोन कोणाला, गेट बंद करायचं की उघडायचं, गॅलरीतल्या लोकांना गप्प कसं बसवायचं, ग्रुपवर लोकेशन टाकणाऱ्याला काय सांगायचं, हे दोन तासांचं सेशन होऊ शकतं, आणि करायला हवं. राधानगरीच्या काकांना गवा शेतात बघून पळायची सवय नाही, त्याला वाट मोकळी ठेवायची सवय आहे, ते आम्हाला ती शिकवू शकले असते. मी हे आयोजकांना तोंडावर सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, वाईट वाटून घेतलं नाही, उलट त्यांनीच विचारलं की कोथरूड बावधनच्या सोसायट्यांमध्ये फुकट सेशन घ्यायचं म्हटलं तर हॉल मिळेल का. मी आमच्या कमिटीशी बोलतेय.

बारीकसारीक गोष्टी पटकन. हँडआउट इंग्रजीत आहे, मराठीत हवं, शिरूरच्या दादांना आणि काकांना त्याचा काही उपयोग झाला नाही. प्रोजेक्टरचा रंग गेलाय, नकाशे दिसत नाहीत, पुढच्या दोन रांगांत बसा. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठीचा त्रास असेल तर उशी न्या. नाश्त्याला पोहे छान, जेवण शनिवारी उशिरा आणि गार, रविवारी वेळेवर आणि गरम, पिठलं भाकरी ठेचा, दोनदा घेतलं सगळ्यांनी. पार्किंग चारचाकीला नाहीच, दुचाकी किंवा रिक्षा, नाहीतर गरवारे कॉलेज मेट्रोला उतरून चालत या. ऑनलाइन लिंकचा ऑप्शन देतात पण माझ्या मैत्रिणीने तो घेतला आणि तिला कार्डांचा खेळ आणि पोत्यांचा गवा दोन्ही मिळालं नाही, म्हणजे निम्मं गेलं, त्यामुळे शक्य असेल तर प्रत्यक्षच या. विद्यार्थ्यांना सवलत आहे पण मागावी लागते, वेबसाइटवर लिहिलेली नाही, हे बरोबर नाही, लिहा ते. आठवीच्या खालच्या मुलांना आणू नका, कत्तलीचे फोटो आहेत.

पाच पैकी चार स्टार देतेय. कोथरूडच्या गव्याला पुरेसा वेळ दिला की पाचवा देईन. पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे असं म्हणाले, फॉर्म भरताना शेवटी 'तुम्हाला काय शिकायचंय' असा रकाना आहे तो रिकामा सोडू नका, गर्दी कशी आवरायची हे शिकायचंय असं लिहा, जितके जास्त जण लिहितील तितकं बरं.